यजमानानं बसायचं नसतं

मिनिचेवो, ४ ऑक्टोबर १९८३

ती. देसांकाताईस,
मिलिसावचा शि. सा. न. वि. वि.

पाठ अजून धरलेलीच आहे. आलुबुखाराची पिंपं उचलल्याचा प्रसाद, दुसरं काय! तुझी भावजय विदा मला हाडं बसवणाऱ्या स्तानाबाईकडे घेऊन गेली. तिनं पाठीत गुडघा रोवला नि बरगडी कडकन मोडली. बाई माझ्यापेक्षा जास्त घाबरली. आता विदा नीशच्या इस्पितळात चला म्हणून मागे लागलीय. तहान इतकी लागते की विहीर आटायची, आणि तुझा भाऊ बोटभर बुटका झालाय. हसू नकोस.

डिसेंबरात आपल्या घराण्याच्या संत निकोलाचा सण. त्याची मेणबत्ती जळतेय तोवर यजमानानं बसायचं नाही, हे तुला मी काय सांगू? तोपर्यंत पाठ बरी व्हायला हवी. मास्तरीणबाई, या खेपेला तू सणाला यायचंच, शाळेच्या सबबी चालणार नाहीत.

लोभ वाढव, निदान कमी तरी करू नकोस.
तुझा मिलिसाव


नोवी साद, २८ ऑक्टोबर

चि. मिलिसाव यास अ. उ. आ.

विदाचं पत्र आलं. नीशच्या डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं, आणि तुला मात्र संधिवात म्हणून सांगायचं तिनं ठरवलंय. मला ते जमणार नाही. माझं खोटं तू लगेच ओळखतोस.

बाळा, हा रक्ताचा कर्करोग आहे. मल्टिपल मायलोमा म्हणतात. इथल्या डॉक्टरीणबाईंकडून मी सगळं समजून घेतलं. हाडांच्या आतल्या मज्जेत रोगजंतूंशी लढायचा माल बनवणाऱ्या पेशी असतात. त्याच बिथरल्यात. त्यांचीच गर्दी झालीय आणि एकच निकामी प्रथिन बनवत सुटल्यात. त्यानं मूत्रपिंडं तुंबतात. हाडं आतून पोखरली जातात, म्हणून बरगडी मोडली, म्हणून उंची गेली. हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं, म्हणून ती तहान. मी म्हटलं, माझी मज्जा काढा आणि त्याला द्या. त्या म्हणाल्या, त्याचा उपयोग नाही. हा आजार बरा होत नाही. गोळ्यांनी काही काळ थोपवता येतो, मणक्यांना किरणांचा उपचार देता येतो, पण तो लगेच व्हायला हवा. विदाला घेऊन इकडे निघून ये. मला तू हवा आहेस रे.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई


मिनिचेवो, ९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

फळ्यावर लिहून दाखवावं तसं समजावलंस. समजलं. मला कळलंय हे विदाला सांगितलेलं नाही. ती शेजारणींना संधिवात सांगते, मीही कण्हताना संधिवातालाच शिव्या घालतो. दोघं मिळून नाटक कंपनी काढू म्हणतो.

येईन, पण निकोलानंतर. आम्हाला मूल नाही. माझ्यामागे या घरात ती मेणबत्ती लावणारं कुणी नाही. हा शेवटचा सण उभ्यानं करू दे. गोळ्या इथेच घेतो.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
मिलिसाव


नोवी साद, २२ नोव्हेंबर

चि. मिलिसाव यास,

आशीर्वाद आहेतच, पण आज राग जास्त आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मणका खचला तर पाय जातील. संत काही तुझी हजेरी घेणार नाही! तू आला नाहीस तर मीही सणाला येणार नाही. तू पडताना माझ्यानं बघवणार नाही. अजून वेळ आहे.

तुझी वाट बघणारी,
ताई


मिनिचेवो, ३ जानेवारी १९८४

ती. ताईस,

पडल्या पडल्या लिहितोय, अक्षर लावून घे. निकोलाला मी उभा राहिलो. पाहुणे आले, आलुबुखाराची दारू, राकिया, ओतली, ताई का नाही आली म्हणून जो तो विचारत होता. पाद्रीबाबांबरोबर सणाचा पाव हातात धरून फिरवताना पाठीत काहीतरी सरकलं. मेणबत्ती संपेपर्यंत दाराच्या चौकटीला टेकून राहिलो. सकाळी पाय माझे नव्हते. नीशला नेऊन आणलं. आता ते पाय पुन्हा चालायचे नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

गाव म्हणतं, काय श्रद्धा माणसाची! ताई, श्रद्धा कसली? तुझं पत्र वाचल्यापासून मला धास्तीच होती. तुझ्याकडे आलो असतो तर आजार खरा झाला असता. म्हणून निकोलाला पुढे केलं. मला मरायची फार भीती वाटते गं. विदासमोर अजून संधिवातच चाललाय, आणि खरं बोलायला इथे कुणी नाही.

तुझा लोभ आहे, ते मला ठाऊक आहे. आता पत्र नको. तूच ये.

तुझा,
मिलिसाव