आहेराच्या वाती

॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥
कळंब, १७ जुलै २०२५

चि. सौ. निकितास,
आजी मैनाबाईचे अ. उ. आशीर्वाद.

आम्ही इकडं खुशाल. तू खुशाल असशीलच. नवरा गरीब स्वभावाचा भेटला का बायका खुशालच राह्यतात. हे थट्टेनं म्हणलं म्हणून रजतले सांगजो, नाई तं जावई रुसाचा.

हे मी सांगून राह्यली अन् गल्लीतली मोनाली लिहून राह्यली. तिले बजावलं आहे का मी बोलली तसंच लिही, माह्यं बोलणं धुऊन-इस्त्री करून नको पाठवू. फोनवर तू बोलतं त्यातलं अर्धं मले ऐकू येत नाई, अन् जे येते ते साऱ्या गल्लीले ऐकू येते. त्यापेक्षा वातीच्या पोत्यात कागद टाकून एस.टी.नं उमरखेडले धाडणं बरं. कंडक्टरले वाचायची फुरसत नाई.

पोत्यात फुलवाती वर आहेत अन् वस्त्रमाळा खाली, जुन्या लुगड्यात गुंडाळून. दाबू नको. मोनालीच्या सासूनं वळलेल्या वाती जाड आहेत, त्या येगळ्या ठेव. तिले सांगून पाह्यलं, तं म्हणे जाड वात जास्त येळ जळते. बाई सोताबी तशीच आहे.

गुरुपौर्णिमेले तू फोनमंदी वातीचं दुकान उघडलं. त्याले दार नाई, पायरी नाई, नारळ फोडावं तं कुठं फोडावं? म्हणून मी साऱ्या सोयऱ्यायले निरोप धाडला. घर बांधलं का वास्तूले आहेर करता, मंग पोरीच्या दुकानाले काहून नाई? एकशे एक करा म्हणलं. तुह्या दुकानाची ती लिंक मोनालीनं साऱ्यायले फिरवली. लोहाऱ्याच्या इंदुताईनंबी केला! माही नणंद, तुही आत्याआजी. तिच्या मुठीतून पैसा सुटला म्हणजे तुह्यं दुकान चालते समज.

एक सांग. मोनालीनं वाती वळणाऱ्या बायकायच्या मजुरीचं इचारलं तं तू म्हणे पाहू म्हणली. तू पाहू म्हणणारी पोट्टी नाई. काय झालं ते लिही, अन् गोड करून लिहू नको, मले डॉक्टरनं गोड बंद केलं आहे.

माया आहे तशी ठेवजो.
तुही आजी, मैनाबाई

-----

उमरखेड, २१ जुलै २०२५

ती. आजीस,
निकिताचा सा. न. वि. वि.

पोतं पोचलं. एकही वस्त्रमाळ चुरगळली नाही. रजत रुसले नाहीत, उलट त्यांनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं.

आता गोड न करता लिहिते. दुकानात कोणी वाती घेतल्या की पैसे थेट माझ्याकडे येत नाहीत. मधे एक कंपनी असते. ती गिऱ्हाइकाकडून पैसे घेते, दोन-तीन दिवस ठेवते आणि मग माझ्या बँकेत टाकते. आपल्याकडे शेतकरी आणि व्यापारी यांच्यामधे अडत्या असतो ना, तसं समज. त्या कंपनीनं मागच्या सोमवारी माझं खातं अडवलं. पुण्याहून, नाशिकहून ऑर्डरी येतात, लोक पैसे भरतात, मला ते पडद्यावर दिसतात, पण काढता येत नाहीत. काचेच्या डब्यातले लाडू.

कारण ऐक आणि हसू नकोस. दुकान उघडल्यापासून दोन दिवसांत इतक्या लोकांनी सारखीच रक्कम भरली आणि त्यांपैकी एकालाही माल गेला नाही. कंपनीच्या यंत्राला वाटलं, ही बाई खोटी विक्री दाखवते आहे. म्हणजे आजी, तुझा आहेर.

मी त्यांना लिहिलं की हे माझे नातेवाईक आहेत आणि हा आहेर आहे. उत्तर आलं की दुकानाच्या खात्यात भेटी चालत नाहीत. आहेर म्हणजे काय ते मी सविस्तर लिहिलं, वास्तुशांतीचं उदाहरणही दिलं. पुन्हा उत्तर आलं. तेच, शब्दन् शब्द तेच. दहा ऑगस्टच्या आत एकेका भरण्यापोटी माल पोचल्याची पावती दाखवा किंवा पैसे परत करा, नाहीतर खातं कायमचं बंद.

बंद झालं तर गणपती-महालक्ष्म्यांच्या सगळ्या ऑर्डरी रद्द कराव्या लागतील. वर्षाचा हंगाम तोच आहे. गल्लीतल्या बायकांनी माझ्या भरवशावर मांड्या सोलवटेपर्यंत वाती वळल्या, त्यांना मी काय तोंड दाखवू? दुसरी कंपनी धरता येईल, पण अडकलेले पैसे हिच्याकडेच आहेत.

रजत म्हणतात सरळ सगळ्यांचे परत कर. जमतं का ते पाहायला मी काल एकाचे परत केले. यादीत इंदुआजीचं नाव सगळ्यात वर होतं.

रडले, पण जेवून रडले. काळजी करू नकोस.
आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.
तुझी निकिता

-----

लोहारा, २४ जुलै २०२५

श्रीमती मैनावहिनी यांस,
इंदूचा नमस्कार. वि. वि.

पत्र स्वहस्ते लिहीत आहे. आमच्या वडिलांनी मला चौथीपर्यंत शिकवले होते, हे आपणांस ठाऊक आहेच.

निकिताच्या दुकानास मी केलेला आहेर मंगळवारी माझ्या खात्यावर परत आला. प्रथम मला वाटले, सरकारचे काही आले. नातवाने वाचून सांगितले तेव्हा समजले. वहिनी, आपल्या घराण्यात आहेर परत केल्याचे मी ऐकलेले नाही. दादाच्या लग्नात माझ्या सासऱ्यांना दिलेला फेटा इतका आखूड होता की तो डोक्याला एकदाच गुंडाळला गेला. तरी त्यांनी तो परत पाठवला नाही. तसाच बांधून वरातीत फिरले.

रक्कम कमी वाटली असेल तर तसे सांगायचे होते. यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी येणार नाही. माझ्यासाठी पुरण वेगळे काढून ठेवू नये. ठेवल्यास कोणाच्या हाती पाठवावे, ते आपण पाहावे.

लोभ आपल्याकडून सुटला, आमच्याकडून अजून नाही. कळावे,
इंदू

-----

कळंब, २८ जुलै २०२५

चि. सौ. निकितास, अ. उ. आ.

अव माय! परत करून करून कोणाचा आहेर परत केला, तं इंदुताईचा! इस्तू पेटवाले तुले हेच गवताचं घर भेटलं? तिचं पत्र मोनालीनं मले दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मीच वाचाले लावलं, काहून का त्यात आखूड फेट्याचं खरं आहे. आता कोणाचेबी पैसे परत करू नको. तिथंच थांब अन् माह्यं ऐक.

तू म्हणतं कंपनीले समजत नाई. मले तं वाटते तिले बरोबर समजते. तिचं म्हणणं एवढंच आहे का तू घेतलं, तं दिलं काय? हे इंदुताईबी इचारते अन् मीबी इचारते. आपल्यात लुगडं घेऊन आलेली बाई घरी जाताना खाली हातानं जाते का? ओटीत खण-नारळ पडतेच. आहेर आला का परतीचा आहेर जाते. आपण आलेला ठेवून घेतला अन् परतीचा इसरलो. दुकान तुह्यं, पण चूक माह्यीबी आहे. निरोप धाडताना एवढं सांगाचं राह्यलं.

तं आता असं कर. ज्यानं ज्यानं एकशे एक भरले, त्याले तेवढ्याच मोलाच्या वाती अन् एक वस्त्रमाळ डब्यात घालून, बिल लावून कुरियरनं धाड. श्रावण लागला आहे, वात कोणाले नको म्हणवते? सोयऱ्याले परतीचा आहेर भेटला, कंपनीले पावती भेटली. अन् यात खोटं काही नाई. पैसे त्यायनं दिले, माल त्यायले गेला, दिव्यात जळला. कंपनीले मात्र सारं खरं लिही. लिही का माह्या आजीले अक्षर येत नाई, तिनं हा घोळ केला, रागवाचं असन तं तिले रागवा.

बायकायले मी खाटेवर बसून सारं सांगतलं. मले वाटलं दोघी-तिघी उठून जातीन. मोनालीची सासू तेवढी उठली. ती चहा ठेवाले गेलती. मंग म्हणे आहेराच्या डब्यायची मजुरी कोणी धरू नका, तो आपल्या गल्लीचा आहेर. आता तिच्या वातीले जाड म्हणाची माह्यी हिंमत नाई.

इंदुताईले तू फोन करून माफी मांगू नको. माफीनं ती फुगते. मी तिले निरोप धाडला आहे का दुकानात नणंदेचा मान येगळा काढून ठेवला आहे, पण तो मांगितल्याशिवाय भेटत नाई.

जेवून रडली हे बरं केलं. रडणं तसंबी रिकाम्या पोटी चांगलं होत नाई.
जीव लावून राह्यजो.
आजी

-----

उमरखेड, ५ ऑगस्ट २०२५

ती. आजीस, सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. रजत तीन संध्याकाळी कृषी केंद्रातून आले की हातपाय धुऊन डबे चिकटवायला बसत. सगळ्यांचे डबे गेले, पावत्याही येऊ लागल्या. गोपालकाकांनी तर फोन करून विचारलं की आणखी एकशे एक भरले तर आणखी डबा येतो का.

आणि इंदुआजी! तिनं नातवाकडून स्वतः ऑर्डर टाकली, पूर्ण पैसे भरून. मी नणंदेचा मान म्हणून आत एक खण घातला. दुकानाच्या पानावर अभिप्राय लिहायची जागा असते, चांदण्या द्यायच्या असतात. तिनं पाचपैकी तीन दिल्या आणि लिहिलं की वस्त्रमाळेत एक मणी कमी आहे. मी घाबरून फोन केला, तर म्हणाली की माल उत्तम आहे, दुकानाला दृष्ट लागू नये म्हणून तसं लिहिलं.

आलेल्या पावत्या मी कंपनीला पाठवल्या, तुझ्याबद्दलही खरं ते लिहिलं. यावेळी उत्तर वेगळं आलं. बाकी सगळं ठीक आहे, फक्त एका भरण्याची पावती नाही. यादी पाहिली तर ते भरणं मोनालीच्या फोनवरून झालेलं. तिला विचारलं, तर ते पैसे तिचे नाहीत म्हणाली. मैनाबाईंनी शेळीच्या दुधाचे रोख दिले होते आणि कोणाला सांगू नको म्हणाल्या होत्या.

आजी, मला सांगायचं तरी!

त्या भरण्यावर पत्ता तुझ्या घरचा होता, म्हणून तो डबा मी बाकीच्यांबरोबरच तुझ्याकडे पाठवला होता. कुरियरवाला तो परत घेऊन गेला. म्हणतो, कळंबची बाई घेत नाही, दारातून हाकलते. मी फोन केला तर तू खुशाल आहे, खुशाल आहे म्हणून ठेवून दिलास. तो उद्या-परवा पुन्हा येईल. दहा तारीख जवळ आली आहे आणि सगळ्या गल्लीचा हंगाम तुझ्या एका डब्यापाशी अडला आहे. तुझ्या पाया पडते, डबा घे.

माझ्यावर रागावली असलीस तर घेऊन मग रागाव.
तुझी निकिता

-----

॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥
कळंब, ११ ऑगस्ट २०२५

वातीच्या दुकानाच्या मालकीणबाई सौ. निकिताबाई यांस,
गिऱ्हाईक मैनाबाईचा नमस्कार. वि. वि.

तुह्या कुरियरवाल्याले मी हाकललं हे खरं. पण काहून ते कोणी इचारलं? पोट्टं दारात आलं, हातात डबा. वर उमरखेडचं नाव आहे म्हणे. मी वास घेतला तं आपल्याच कापसाचा. मले वाटलं झालं, पोरीनं दुकान मिटवलं अन् उरल्या वाती वापस धाडल्या. डबा घेतला तं ते खरं होईन असं वाटलं. म्हणून म्हणलं, घेऊन जाय, माह्या घरचं काही वापस येत नसते. दोन दिवस बायकायले काही बोलली नाई. जेवण गेलं नाई. मोनालीले वाटलं साखर वाढली.

मंग तुह्यं पत्र आलं. मोनाली वाचताना अर्ध्यातच हसाले लागली, मले पुढचं कळेना. सारं कळल्यावर मी दारात खाट टाकून बसली. कुरियरवाला दुसऱ्या दिवशी आला तं लांबूनच उभा राह्यला बिचारा. त्याले आत बोलावून चहा पाजला. तो म्हणे सही करा, अन् फोनची काच समोर धरली. मले सही येते का? मोनालीच्या सासूनं सांगतलं, तुले जे येते ते कर. मंग मी बोटानं काचेवर वात वळतो तशी एक रेघ वळली. एका टोकाले जाड, एका टोकाले बारीक. पोट्टं म्हणे चालते.

अन् कंपनीलेबी चालली! राखीच्या दिवशी सकाळी मोनालीच्या फोनवर बायकायची मजुरी आली, तवाच समजलं का कुलूप निघालं. मोनाली फोन घेऊन गल्लीभर पळली. सासू मागून ओरडून राह्यली का दूध उतू चाललं. जाऊ दे म्हणलं एक दिवस. अर्ध्या तासात साऱ्या जणी कापसाचे पेळू घेऊन माह्या वसरीत, महालक्ष्म्यायच्या माळा वळाले. मी चिंतामणीले जाऊन आली. काही मांगितलं नाई, नुसती बसली.

आता दुकानाची तक्रार. मी एकशे एक मोजले अन् डब्यात निघाल्या मीच वळलेल्या फुलवाती! माह्या हाताचा पीळ मले समजत नाई का? सरकी मी काढली, कापूस मी पिंजला, वात मी वळली, एस.टी.नं मी धाडली, अन् तू मलेच इकली. असं दुकान मी जिंदगीत पाह्यलं नाई. चालणारच ते.

मोनाली म्हणते चांदण्या किती देता. चार दे म्हणलं. एक राखून ठेवली. महालक्ष्म्यायले तू अन् रजत इकडं जेवाले आले का देईन. इंदुताईबी येऊन राह्यली. पुरण येगळं काढून ठेवा, असा तिचा निरोप आला आहे.

दोन वाती सांजच्याले लावल्या. बाकीच्या डब्यासकट फडताळात ठेवल्या आहेत. माह्या नावानं आलेलं ते पहिलंच पार्सल.

गिऱ्हाइकावर लोभ ठेवा, मालकीणबाई. पुन्हा घेईन.
मैनाबाई
(सहीच्या जागी त्यांनी रेघ वळली आहे. लिहिणार, मोनाली.)