बेटावरची नात

इंदोरा, नागपूर
१४ मार्च १९६९

प्रिय श्रीधर,

जावई झालास तरी तुला 'तुम्ही' म्हणायला माझी जीभ वळली नाही, म्हणून इथंही 'तू'च लिहिते. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मला लिहायला-वाचायला वच्छलानंच शिकवलं. आता ती गेल्यावर तिच्याबद्दल लिहायचं, तर हात पुढे सरकत नाही.

परवा रेडिओवर सांगितलं, मॉरिशसच्या स्वातंत्र्याला वर्ष झालं. हे बाजेवर बसले होते. उठून रेडिओ बंद केला आणि चपला न घालता बाहेर गेले. मागच्या वर्षी याच दिवशी ह्यांनी साऱ्या वस्तीत जिलेबी वाटली होती. "माह्या पोरीचा देश मोकळा झाला," असं सांगत घरोघर फिरले. शेजारचे रुपराव चिडवत म्हणाले, "काहून गा महादेवराव, पोरगी तिकडचीच झाली काय?" तर हे म्हणाले, "झाली नं. मीच धाडली तिले."

त्या दिवसाबद्दल वच्छलानं किती लिहिलं होतं! घोड्यांच्या शर्यतीचं मैदान माणसांनी भरलेलं, इंग्रजांचा झेंडा उतरला, चार रंगांचा वर गेला आणि तू लहान मुलासारखा रडलास. तुझ्या पणजोबांना कोकणातून ऊस तोडायला नेलं होतं, ते सारं तुला तेव्हा आठवलं म्हणे. तिला आठवला छप्पन्न सालचा दसरा. बापाचं बोट धरून दीक्षेला गेली होती आणि परतताना विचारत होती, "बाबा, आता आपल्याले कोनी विहिरीवरून हाकलन काय?" पुढे नर्स झाली, धंतोलीच्या दवाखान्यात लागली, तरी आडनाव सांगताना तिचा आवाज खाली यायचा. तुझ्याशी लग्न करून तिकडे गेल्यावर मात्र तिनं लिहिलं, "आई, इथे मला कोणी तसं विचारतच नाही. मी मोठ्यानं नाव सांगते."

मग दिवस गेल्याचं कळलं. मी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. आणि फेब्रुवारीत तुझी तार आली.

डॉक्टर असूनही तिला वाचवू शकलो नाही, असं तू लिहितोस. बाळंतपणात रक्त थांबलंच नाही, तर तू काय करणार होतास बाबा? तिनं आम्हाला कधी तुझी एक तक्रार लिहिली नाही. मी तुला दोष देत नाही, तूही देऊ नकोस.

तू विचारलंस, पुढच्या महिन्यात तुझ्या ओळखीच्या प्रेमलताबाई बोटीनं मुंबईला येताहेत, त्यांच्यासोबत बाळाला पाठवू का? हे लगेच तयार झाले. पाळण्याला दोरही आणला. तिला छातीशी धरायला माझाही जीव तुटतो. पण श्रीधर, तिला पाठवू नकोस. आई तर गेलीच. बापही समुद्रापार राहिला, तर पोरीचं काय उरलं? तू तिला वाढव. वच्छला जिथे मोठ्यानं नाव सांगायची, तिथेच तिलाही सांगू दे. मला तिचं तोंड दिसणार नाही, हे मला माहीत आहे. दुपटी तेवढी पाठवते.

हे पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी पाळण्याचा दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "बंद कर वं ते पाकीट लवकर, नाहीतर मी फाडून टाकीन."

तुझीच,
आई (कौशल्या)