पोळ्याच्या दिवशीचा चाबूक

आबा, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की माझा आवाज आजही खाली येतो. म्हणून लिहिते आहे. काल आपल्या गावच्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडला. धाकट्याला, माझ्या पाठच्या भावाला, जे आहे त्याला ऑटिझम म्हणतात, आणि अशा माणसांसाठी सरकारनं देशाचा एक दिवस ठरवावा, असा तो ठराव. तुमच्या वेळी घरात त्याला एकच शब्द होता, येडं. तो तुम्हीच आणला होता. वडीगोद्रीकडच्या आम्ही काही आया-बहिणी गावोगाव असे ठराव करून घेऊन दिल्लीला पाठवतो आहोत. दुसऱ्या गावांत माझी जीभ कधी अडखळली नाही. आपल्या गावात पाणी प्यावं लागलं.

पहिलाच प्रश्न आला, "दिवस पाळून काय होनार हाय, ताई?" मी म्हटलं, बैलाचा पाळता ना? त्या दिवशी बैलाला कुणी मारत नाही, निदान एवढं तरी होतं. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण बोलता बोलता तो पोळा डोळ्यांपुढे उभा राहिला होता.

आदल्या संध्याकाळी तुम्ही बैलांचे खांदे तुपा-हळदीनं मळता आहात. हात जोडून त्यांना म्हणता आहात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." धाकटा बैलाच्या पोटाला कान लावून उभा आहे, तो सगळ्यात शांत तिथंच असायचा. आई हळूच म्हणते, "उद्या त्याला घरीच ऱ्हाऊ द्या. हलगीचा आवाज सोसत न्हाई त्याला." तुम्ही म्हणता, "पोरगं हाय का मडकं हाय, आवाजानं फुटायला?" दुसऱ्या दिवशी मारुतीपुढं गावाचे सगळे बैल उभे राहिले. तोरणाखाली आपली जोडी पहिली, कारण मान आपला. हलगी वाजायला लागली. धाकटा ओरडला, कानांत बोटं घातली, स्वतःचं मनगट चावून रक्त काढलं, आणि आवाज काही केल्या थांबेना तेव्हा धावत जाऊन तोरणच खेचून पाडलं. मानाच्या जोडीनं तोरणाखालून जाऊन पोळा फुटायच्या आधीच तोरण मातीत. त्या दिवशी चाबूक खुंटीवरून काढायचा नसतो. तुम्ही घरी जाऊन तो घेऊन आलात. म्हणजे जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ राग निवायला मिळाला होता, हे मी कधीच विसरले नाही. मग बाशिंगं बांधलेल्या बैलांसमोर, सगळ्या गावासमोर तुम्ही त्याला मारलंत. आधी सदरा फाटला, मग पाठ. आई मधे पडली तर चाबकाची वादी तिच्या तोंडावर बसली. फुटक्या ओठानं ती ओरडली, "आज बैलालाबी मारत न्हाईत वो!" धाकटा गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यावर दोन्ही हात धरून मातीत पडला होता, आणि तुम्ही मारतच होता. मला तुमचा राग आहे, आबा. तुम्हाला अग्नी दिला तेव्हाही होता.

काल तो माझ्या शेजारीच सतरंजीवर बसला होता. आता केस पांढरे झालेत त्याचे. गोंगाट होणार म्हणून मीच त्याच्या कानांवरून रुमाल बांधला होता. तेवढ्यात तुमच्या चुलतभावाचा थोरला उठला. त्या पोळ्याला तोही होता, पुढंच उभा होता. म्हणाला, "ठराव कशाला पाह्यजे? आबानं त्या दिवशी आजून चार वढले असते, तं हे येडं कवाच बराबर झालं असतं." मी त्याची कॉलर धरली आणि त्याच्या तोंडात मारली. एकदा नाही. त्याचा ओठ फुटला, दात माझ्या बोटांना लागले, तरी मी मारत राहिले. बायकांनी मला मागं ओढलं. सरपंचबाईंनी घाईघाईनं हात वर करायला सांगितले आणि सगळ्यांनी केले. ठराव मंजूर झाला. किती जणांनी मनापासून हात वर केला आणि किती जणांनी मला घाबरून, ते मी पाहिलं नाही, कारण मी धाकट्याकडे बघत होते. तो सतरंजीवर गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यावर दोन्ही हात धरून पडला होता. उठवायला जवळ गेले तर माझ्यापासून सरपटत दूर गेला.

आज सकाळी त्याला दुधात भाकरी कुस्करून दिली. तो ताट उचलून पार भिंतीकडे गेला आणि माझ्या हातांवर नजर ठेवून जेवला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची तर मेल्यावरही गेली नाही, घरातच राहिली.

हा कागद संध्याकाळी चुलीत घालीन. पण एक गोष्ट आहे, ती ठरावासाठी माझ्याबरोबर फिरणाऱ्या बायकांना सांगता येत नाही, धाकट्याला तर नाहीच. काल मारताना मला बरं वाटत होतं. तुम्हालाही वाटायचं का, आबा?