काळी जीभ

मंगळवार, ६ जून

मला बसमधून काढलं. मला!

आज मंगळवार, समुद्राच्या विश्रांतीचा वार, होड्या जात नाहीत, म्हणून आमच्या फुटबॉल संघाच्या, सी ईगल्सच्या, पाठीराख्यांची बैठक. रविवारी टार्क्वाला शेवटचा सामना. जिंकलो तर वरच्या लीगमध्ये राहू, हरलो तर खाली. चेअरमन एबोने विचारलं, "काय होणार?" सगळे ओरडले, "जिंकणार!" मग माझ्याकडे वळला, "आणि आँटी अराबा?"

मी म्हणाले, हरणार. गोलकीपरचा खांदा दुखावलाय, हात वर जात नाही त्याचा. कशाच्या जोरावर जिंकणार?

"झालं! काळ्या जिभेची बाई! ही बोलते आणि तसंच होतं!" हे बोलली कोण, तर एकुआ! माझ्याच भट्टीवर मासे धुराला लावते आणि वर ही भाषा.

एबो म्हणाला, "आँटी, वाईट वाटून घेऊ नकोस. पण बसमध्ये नको."

वाईट वाटलं! चांगलंच वाईट वाटलं.

शनिवार, १० जून

वडापच्या ट्रोट्रो गाडीने जाणार. मक्याच्या पिठाची केंकी पानात बांधून घेतली, मासे तळले. बघू कोण अडवतो!

रविवार, ११ जून

हरलो. २–१. खाली गेलो.

दुसरा गोल त्या दुखऱ्या खांद्याच्या बाजूनेच गेला. तो होताच एबोची सगळी फौज उठली. झेंडे गुंडाळले, ढोल पाठीला लावले, चालू पडले. जिंकणार म्हणणारे आधी पळाले! मी शिट्टी होईपर्यंत बसले. पोरं मान खाली घालून आत जाताना उभी राहून टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

बाहेर एबो भेटला. "झालं समाधान?"

"समाधान? अरे, लग्नाआधीपासून येतेय मी. हरणार हे धरूनच येते, म्हणून हरल्यावर पुन्हा येता येतं. तू येशील?"

तो बसमध्ये चढला.

सोमवार, १२ जून

हे फक्त इथेच. खरंच माझ्यामुळे झालं का? मी बोलते आणि होतं. दर वेळी होतं. आज भट्टीत लाकूड सारायचंच विसरले.

रविवार, ८ ऑक्टोबर

वही पिशवीत होती, म्हणून मध्यंतरात लिहितेय. खालच्या लीगचा पहिला सामना, घरच्या मैदानावर. स्टँड ओस पडलाय. जूनपासून निकालाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं मी. ठरवलंच होतं तसं.

सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि एबो आला. ना ढोल, ना झेंडा. शेजारी बसला आणि म्हणाला, "आँटी, आपण हरणार."

माझं डोकंच फिरलं! "गप्प बस! पोरांना ऐकू जाईल! जिंकणार आहेत ती!" इतकी ओरडले की गोलकीपरने मागे वळून पाहिलं. एबोने तर आ वासला.

बोलून गेले खरी. अजून ०–०. देवा!

त्याच संध्याकाळी

हरलो! ४–०!

जिंकणार म्हणाले होते मी, एबोच्या तोंडावर. आणि तरी हरलो. म्हणजे माझ्या जिभेत काही नाही. कधीच नव्हतं! चार गोल खाऊन आले आणि मला मेलीला हसू आवरत नाहीये.