शिंप्याच्या डाव्या डोळ्याबाबत आणि इतर मिळकतीबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चोपन्न, धंदा शिलाई मशीनची दुरुस्ती, अविवाहित (कारण कोणीही विचारू नये), हा कागद स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. दडपण आणण्याचा प्रयत्न धाकट्या भावाने केला होता. त्याला चहा पाजून परत पाठवलं. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही नाही. मीही गिऱ्हाइकांना मशीन उघडण्याआधी हेच सांगते.

मिळकत फार नाही. कागद करण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या क्लबात खेळताना शिंप्याचा डावा डोळा गेला. तो त्याच्याच चुकीने गेला, असं क्लबाच्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. ते खोटं आहे. कलम पाच पाहावं. घाई असेल त्यांनी थेट तिथे जावं, पण माझ्या मरणाची एवढी घाई कोणाला आहे, ते वकीलबाईंनी टिपून ठेवावं.

कलम एक. क्लब म्हणजे काय, हे न्यायालयासाठी. खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या बंदुकांतून वाटाण्याएवढे प्लास्टिकचे छर्रे एकमेकांवर मारायचे, लागला की हात वर करून प्रामाणिकपणे बाहेर जायचं, या खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात. प्रामाणिकपणावर चालणारा हा बहुधा एकमेव खेळ असावा, आणि तो खेळायला आमच्याकडे एक विमा एजंट, दोन वकील आणि एक मालमत्तेचा दलाल येतो. जागा बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्याची. विमा एजंट म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे कर्नल म्हणतात. तो कुठल्याही सैन्यात नव्हता. शाळेत असताना कवायतीच्या तासाला त्याचं पोट दुखायचं. मी स्वतः कधी खेळले नाही. त्यांच्या बंदुका दुरुस्त करते आणि दर रविवारी दाराशी शिट्टी घेऊन बसते. शिलाई मशीनची दातेरी चाकं आणि या बंदुकांची दातेरी चाकं सख्खी भावंडं आहेत, फक्त शिलाई मशीन चालवणारी माणसं शहाणी असतात.

कलम दोन. दुकान, म्हणजे पुढची खोली, मागची खोली आणि मधला न लागणारा दरवाजा, माझ्या भावजयीला द्यावं. भावाला नाही. ती शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, बाटलीला चिठ्ठी लावल्याशिवाय बाटली ठेवत नाही. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वन्सं, यांना काय वाटेल?" मी म्हटलं, "त्याला वाईट वाटेल. त्याला दर सोमवारी वाईट वाटतं, अंग दुखत असतं म्हणून."

कलम तीन. हत्यारं, ग्रीसच्या डब्या, पातळ चकत्यांचा खण आणि सुट्या भागांच्या चोवीस बरण्या क्लबाला द्याव्यात, सांभाळायला पशुवैद्याकडे. क्लबात हात स्थिर असलेला तो एकटाच माणूस आहे. त्याच्यासाठी सूचना: बंदूक बिघडत नाही, बिघडवली जाते. कोणीही येऊन "जरा जोरदार स्प्रिंग टाका" म्हणालं, तर टाकू नये. जोरदार स्प्रिंगने चाकाचे दात जातात, आणि वेग नियमाबाहेर जातो तो वेगळाच. ग्रीस बोटाच्या नखावर मावेल एवढंच लावावं. बॅटरी फुगली की ती संपली, तिच्यावर माया करू नये. बॅटरी लोखंडी डब्यात, जागेपणी, समोर बसून चार्ज करावी. कर्नलने ती सोफ्यावर लावली आणि आंघोळीला गेला. सोफा माझ्या आईचा होता. त्याची भरपाई मागत नाही, पण विसरलेही नाही.

कलम चार. शिट्टी, वेग मोजायचं यंत्र आणि दाराशी बसून "नाही" म्हणण्याचा हक्क, तिन्ही एकत्र, भावजयीला. यांची फोड करू नये. कर्नलला यंत्र हवं आहे, हे मला ठाऊक आहे. त्याने ते तीनदा मागितलं, दोनदा रागाने. त्याची खोड इथे नोंदवून ठेवते. दाराशी मोजमापाला येताना तो बंदुकीत जड छर्रे भरतो, म्हणजे वेग कमी दिसतो, आणि आत गेल्यावर हलके भरतो. म्हणून मोजताना छर्रे आपल्या डब्यातले द्यावेत, खेळाडूच्या खिशातले नाही. खेळ संपल्यावर छर्ऱ्यांचं मॅगझिन काढलं की बंदूक रिकामी झाली, असं समजणारा माणूस दारातून बाहेर सोडू नये. एक छर्रा आत बसलेलाच असतो. वाळूच्या बादलीत चाप ओढावा, खटका बंद करावा, नळीच्या तोंडावर पिशवी चढवावी, मग चहा. चहा आधी मागणाऱ्याला परत रांगेत उभं करावं. भावजय हे करेल. ती नवऱ्याला वीस वर्षं रांगेत उभं करत आली आहे.

कलम पाच. आता मुख्य.

शिंप्याला आम्ही मास्तर म्हणतो. ते क्लबातले सगळ्यांत सावध खेळाडू होते. त्या रविवारी त्यांचा स्वतःचा गॉगल घरी राहिला, म्हणून त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पेटीतला घेतला. त्या पेटीतले बाराही गॉगल आदल्या महिन्यात मी साफ केले होते. कर्नलने त्यांच्या काचांवर हौसेने नंबरांचे स्टिकर चिकटवले होते. स्टिकर निघाले, गोंद निघेना. तीस वर्षं मशीनवरचं जुनं तेल मी ज्याने काढते, तेच हाताशी होतं: थिनर. गोंद दोन मिनिटांत गेला. काचा लखलखीत झाल्या. माझ्या कामावर मी खूश होते.

त्या काचा म्हणजे काच नसते, एका जातीचं प्लास्टिक असतं. थिनर त्याला आतून खातं. वरून काही दिसत नाही. हे कुठल्याही गॉगलबरोबर येणाऱ्या चिठ्ठीत बारीक अक्षरात छापलेलं असतं: पाणी, साधा साबण, मऊ फडकं. मी शिलाई मशीनवाली. चिठ्ठ्या वाचणं हे गिऱ्हाइकांचं काम, असं मी समजत आले.

छर्रा कर्नलने मारला. भट्टीच्या खोलीच्या दारात, जवळून. काच फुटली. मी धावत गेले तेव्हा पशुवैद्याने मास्तरांच्या डोळ्यावर कागदी पेला उलटा ठेवून चिकटपट्टी लावली होती, चोळू देत नव्हता, दाबू देत नव्हता. सगळ्यांनी तेवढं शिकून घ्यावं. कर्नलची बंदूक मी लगेच तपासली. वेग नियमात, छर्रे नियमातले. माझा भाऊ आयुष्यात एकदाच नियमात वागला, तो त्या दिवशी. त्याच्यावर ढकलता आलं असतं तर मी ढकललं असतं. तशी ताई आहे मी.

गॉगलचे दोन तुकडे जमिनीवर होते. मी ते उचलून खिशात घातले. का, ते मला तेव्हाही माहीत होतं. दवाखान्यात क्लबाच्या अध्यक्षांनी मास्तरांना विचारलं, "गॉगल कुठे होता हो?" मास्तर औषधाच्या गुंगीत म्हणाले, "काढला असेन बहुतेक. काचेवर वाफ धरली होती." मी वहीत लिहिलं: 'खेळाडूने मैदानात गॉगल काढला.' 'बहुतेक' तेवढं वगळलं. मैदानात गॉगल काढणाऱ्याला क्लबातून कायमचं काढायचं, हा नियम माझाच. त्याप्रमाणे त्यांना काढलं. पत्रावर सही माझी.

घरी येऊन उरलेले अकरा गॉगल खिडकीशी धरून पाहिले. प्रत्येकाच्या कडेला केसासारख्या चिरा. ते मी हातोडीने फोडून फेकून दिले आणि नवे आणले. सगळे म्हणाले, बाई किती जागरूक.

तेव्हापासून मास्तरांचं मशीन मी फुकट दुरुस्त करते. त्यांना सुईत दोरा ओवायला त्रास होतो, म्हणून ओवणीचं कळसूत्र बसवून दिलं. ते हे उपकार समजतात. दर वेळी उठून उभे राहून नमस्कार करतात. झडप त्यानेच खराब झाली असावी, पण डॉक्टरांना यातलं काही कळत नाही.

तरी माझ्या मागे वहीतली ती ओळ खोडावी, तिच्या जागी हे कलम चिकटवावं, आणि पहिल्याच रविवारी, खेळ सुरू होण्याआधी, कर्नलने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. त्याला मोठ्याने बोलायला आवडतं.

कलम सहा. माझं स्वतःचं शिलाई मशीन, जे कधीच बिघडलेलं नाही कारण त्याला हात फक्त मी लावते, आणि समोरच्या खिडकीतली उजेडाची जागा, दुकान कोणाचंही असो, मास्तरांना हयातभर.

कलम सात. माझ्या अंत्यविधीला क्लबाने सलामी देऊ नये. कर्नलच्या मनात तसा बेत आहे, त्याने रांग कशी उभी राहील त्याचं चित्रही काढलं आहे. दिलीच, तर सगळ्यांनी गॉगल घालावेत. मीही घातलेला असावा.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी.

वरचं लिहून झाल्यावर साक्षीदार म्हणून पशुवैद्याला बोलावलं. दुसरा साक्षीदार शेजारचा चावीवाला ठरला होता. पण पशुवैद्याने कलम पाच वाचलं आणि चष्मा पुसत विचारलं, "बाई, हे वाचायचं कधी?"

"मी गेल्यावर."

"आणि नाही गेलात तर?"

ऑपरेशनच्या शंभर शेवटांचा मी विचार केला होता, याचा नव्हता केला. झडप नीट बसली तर हा कागद कपाटात, आणि मास्तर आणखी वीस वर्षं मला नमस्कार करणार. मेल्यावर खरं बोलायची सोय मी फार काटेकोर करून ठेवली होती. चावीवाल्याला नको म्हणून सांगितलं आणि दुसरा साक्षीदार म्हणून या, असा मास्तरांना निरोप धाडला.

साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते. मास्तर आले तेव्हा मी त्यांना वाचायला दिला. उजव्या डोळ्याजवळ कागद धरून ते सावकाश वाचत गेले. कलम तीनला हसले. कलम पाच त्यांनी दोनदा वाचलं.

"म्हणजे मी काढला नव्हता."

"नव्हता."

"मुलगी मला अजून म्हणते, बाबा, तुम्ही एवढे सावध, तुम्ही कसा काढलात? मी तिला सांगतो, माणसाकडून होतं असं कधीतरी." त्यांनी कागद खाली ठेवला. "आणि लोकांना सांगतो, बाई देवमाणूस आहे. गेल्याच आठवड्यात सांगितलं."

पशुवैद्य म्हणाला, "मी बाहेर थांबू का?"

"बसा हो," मास्तर म्हणाले. "तुम्हाला सगळ्या जातीची जनावरं बघायची सवय आहे."

मी ऐकून घेतलं. माझ्या दुकानात मला असं कोणी बोललं नव्हतं. मग त्यांना कलम सहा दाखवलं. तेव्हा पशुवैद्याला आठवलं की साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. वकीलबाईंना फोन केला. त्यांनी तेच सांगितलं: मशीन हवं असेल तर सही दुसऱ्याची घ्या.

"चावीवाला आहे अजून दुकानात," मी म्हटलं.

"असू दे. कलम सहा खोडा. सही मी करणार."

"मास्तर, ते मशीन चांगलं आहे."

"मला माहीत आहे. खोडा. आणि कर्नलला फोन लावा. रविवारची वाट नको. माझ्यासमोर लावा."

लावला. कर्नल बँडच्या ऑर्डरबद्दल बोलू लागला, सलामीला बँडही असावा म्हणून. मी त्याला थांबवून कलम पाच पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवलं.

"ताई," तो म्हणाला, "मी त्या दिवसापासून जवळून कोणावर छर्रा मारत नाही. लोक हसतात. तूही हसायचीस."

"हो."

"तुला माहीत होतं आणि तू हसायचीस."

रविवारी वही घेऊन तो स्वतः मास्तरांच्या घरी जाणार आहे, मास्तरांच्या मुलीसमोर वाचायला. मला येऊ नकोस म्हणाला. मी त्या दिवशी दवाखान्यात असेन, हे त्याला माहीत आहे, तरी म्हणाला.

कलम सहा याद्वारे रद्द. बाकी कलमं कायम. आधीचं कुठलंही मृत्युपत्र नाही, कारण आधी कबूल करण्यासारखं काही नव्हतं.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
दिनांक: चौदा, मंगळवार, दुपारी साडेतीन.

सही, मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला, पशुवैद्य: वरील सही माझ्यासमोर झाली. नाडी पाहिली, जरा जलद आहे.
सही

साक्षीदार दुसरा, शिंपी: मी सगळं वाचलं. सही माझ्यासमोर झाली. बाई पूर्ण शुद्धीवर होत्या. तीन वर्षांपूर्वीही होत्या.
सही