न खेळता चढलेलं रेटिंग

२ मार्च
बुद्धिबळ क्लबच्या संघात चौथ्या पटाची जागा रिकामी झाली. उमेदवार दोन — मी आणि चष्मेवाला! सहा वर्षं तिथे इतरांचे पट मांडतोय, मोहरी पुसतोय. एकदा तरी त्या खुर्चीत बसायचंय. पण चष्मेवाल्याचं क्लबचं रेटिंग १४८०. माझं फक्त मोबाइलवरचं, १५९०.
"मोबाइलवरचे आकडे फुगलेले असतात. अडीचशे वजा करायचे," चिटणीस म्हणाले. म्हणजे १३४०! अडीचशेच का?
"अनुभव!"

३ मार्च
दादाला विचारलं, एका रेटिंगचं दुसऱ्यात रूपांतर नेमकं कसं करावं? "किलोत मोज नाहीतर पौंडात, पोट तेवढंच राहतं." गांभीर्य म्हणून नाही.
रात्री सलग हरलो. १५६१. हरलेले डाव मी पुन्हा उघडत नाही. बघवत नाहीत.

४ मार्च
विलक्षण! लाँड्रीत मालक फोन आणू देत नाहीत ("दिसला तर इस्त्रीखाली घालीन!"), म्हणून तो दिवसभर स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो. संध्याकाळी बघतो तर १५९८. मी एकही चाल केलेली नाही!

६ मार्च
१६४०. वाचलं की काही पद्धतींत खेळाडू बरेच दिवस गप्प बसला, की त्याच्या आकड्याबद्दल यंत्रणेची शंका वाढते. माझ्याबद्दल बहुधा खात्री वाढते. रात्री खेळलो की उतरतं, दिवसा नाही खेळलो की चढतं. निष्कर्ष — खेळू नये.
वहिनी म्हणाली, "भाऊजी, आज चार्जर सैल लागला होता. उद्या नीट लावून जा हं." घरात तिलाच तेवढी माझी काळजी.

९ मार्च
प्याद्याला हात लावलेला नाही. १७५२! अडीचशे गेले तरी १५०२. चष्मेवाल्याच्या वर! चिटणिसांनी आकडा चष्मा काढून बघितला, घालून बघितला. "परवा तुम्ही दोघं एक डाव खेळा. आपली खातरजमा."


११ मार्च
हरलो. वजीर फुकट दिला. चष्मेवाला काच पुसत म्हणाला, "हे १५०२ कुठल्या देशातले?"
चिटणीस म्हणाले, "वजाबाकी कमी पडली."

१२ मार्च
लाँड्रीचा बॉयलर बिघडला. दुपारीच घरी आलो. वहिनी ओट्याला टेकून उभी, हातात माझा फोन! मी तोंड उघडायच्या आत —
"थांबा भाऊजी, दोन चालींत मात आहे."
झाली.
शिकलीस कुठे?
"जेवताना तुम्हीच बडबडता ना, घोडा इथे, उंट तिथे. कान आहेत मला."
मग बोलली का नाहीस?
"सांगितलं असतं तर फोन मिळाला नसता. हरले असते तर आकडा उतरून तुम्ही चौकशी केली असती. म्हणून हरायचंच नाही असं ठरवलं."
दादाला सगळं माहीत होतं! म्हणे पोट तेवढंच. एका आकड्यामागे पोटं दोन होती!

१४ मार्च
चिटणिसांना खरं काय ते सांगितलं आणि वहिनीला क्लबात नेलं. पट मी मांडला. चष्मेवाल्याला काच पुसायला सवड मिळाली नाही. चौथ्या पटाची खुर्ची तिची.
रूपांतराचं सूत्रही जमलं. मोबाइलचं रेटिंग उणे वहिनी — उरलो मी.