सहीचा नमुना

प्रिय ताई,

पाकीट फोडताना घाबरू नकोस, या वेळी आत रबरी झुरळ नाहीये. फोनच केला असता, पण फोनवर मी मस्करी करत बसतो आणि तू ठेवून देतेस.

पुढच्या गुरुवारी अकरा वाजता मी टॅटू काढून घेतोय. मनगटाच्या जरा वर, बाबांची सही. टॅटूवाली बाई आपल्या हेडबाईंपेक्षा कडक आहे. आदल्या रात्री नीट झोपायचं, उपाशीपोटी यायचं नाही, दारूचा थेंब नको, डोकं दुखलं तरी विचारल्याशिवाय गोळी नको, रक्त पातळ होतं म्हणे. सैल बाह्यांचा शर्ट घालायचा. सुई शिलाई मशीनसारखी चालते आणि हाडाजवळ जास्त झोंबतं. नंतर दोन-तीन आठवडे खाज सुटते, पापुद्रे निघतात, ते ओढायचे नाहीत. लहानपणी एकही खपली न सोडणाऱ्या मला हे सांगतेय, बघ. जखमेला ग्रीस लागता कामा नये म्हणून गॅरेजच्या मालकाकडे सुट्टी मागितली, तर म्हणाला, तू कामावर असतोस तेव्हा वेगळं काय करतोस. सध्या डबा तसाच घरी परत आणतोय. सगळ्यांना वाटतंय सुईला टरकलाय. वाटू दे.

गोची वेगळीच झालीय. बाईला सहीचा नमुना हवा होता, मी माझं जुनं प्रगतीपुस्तक नेलं. तिने छाप उतरवून हातावर लावून दाखवला आणि मला घामच फुटला. सहीखालची रेघ शेवटी वर उडालेली. बाबा रेघ सरळ ओढायचे, सावकाश, खाली दोन टिंबं देऊन. उडते ती माझी. सातवीपासूनच्या सगळ्या सह्या मीच ठोकलेल्या ना. घरी येऊन ट्रंक उपसली. शाळेच्या चिठ्ठ्या, सहलीची परवानगी, रजेचे अर्ज, जिथे बघावं तिथे मीच; सातवीआधीचं किंवा बँकेचं काही उरलेलंच नाही. घरात बाबांचीच म्हणून छातीठोक सांगता येईल अशी एक सही नाही, ताई. काही कागदांवर तर त्यांची की माझी, मलाच कळेना.

आणि एक कागद ट्रंकेत नाहीये, हॉस्पिटलात आहे. ऑपरेशनच्या परवानगीचा. तू तेव्हा इकडे यायला निघून गाडीत होतीस. बाबांच्या हातात पेन धरवत नव्हतं. नर्स बाहेर गेली तसा त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "तू कर. माझ्यापेक्षा तुझी बरी येते." म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी इतका ओशाळलो की हसत हसत करून टाकली. तुम्हाला ऑपरेशन करून घ्यायचंय ना, एवढंसुद्धा त्यांना विचारलं नाही. ते टेबलावरून परत आले नाहीत. तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेस, बाबांनी स्वतः सही केली, निर्णय त्यांचाच होता. दोन वर्षं मी शेजारी उभा राहून मान हलवतोय.

तू नोकरीसाठी बाहेर होतीस तेव्हा ते तुला पत्रं लिहायचे. त्यातल्या एखाद्या सहीचा फोटो काढून पाठव. पण हे वाचल्यावर पाठवावंसं वाटलं नाही, तर नको पाठवूस. मी समजेन, आणि गुरुवारी जाणार नाही.

तुझाच, म्हणजे अजून चालत असेन तर,
कारटं